कुणी बघत नाही

विश्वजीत जेवायला कॅन्टीनकडं गेला आणि मंजुषाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली.

वाळूजच्या त्या कारखान्यात ऑफिसचा ब्राउझर सगळं चाळून बघायचा. कुणी कंपनीची फाईल खासगी मेलवर टाकायला गेलं, कुणी बाहेरच्या साइटवर आधार नंबर चिकटवला, की ते जागच्या जागी अडायचं आणि अडलेला मजकूर या खोलीत यायचा. खोलीत माणसं दोनच, मंजुषा आणि विश्वजीत. बाकीच्यांना वाटायचं, ही दोघं प्रिंटर आणि वायरी बघतात. त्यांचा तो समज कुणी दूर केला नव्हता.

तिनं पट्टी उघडली. खरेदी विभागातून कुणीतरी एआयच्या चॅटमध्ये काही लिहिलं होतं. त्यात मुलीचा आधार नंबर होता, म्हणून ते अडलं होतं.

'पोलिसांच्या महिला कक्षात द्यायचा अर्ज नीट भाषेत लिहून दे. नवरा मारतो. काल मुलीच्या समोर माझं डोकं भिंतीवर आपटलं. माझ्या मोबाईलवर जे येतं ते सगळं त्याच्या मोबाईलवर दिसतं. ऑफिसात कुणी बघत नाही, म्हणून इथून लिहिते.'

वर नाव होतं दीपमाला. विश्वजीतची बायको.

मंजुषा उठली, परत बसली. सकाळीच विश्वजीतनं डब्यातली चटणी तिच्यापुढं सरकवली होती, "घ्या ताई, आमच्या मंडळींच्या हातची." दिवसभर तो मधूनमधून मोबाईल काढून बघायचा. तिला वाटायचं, मॅचचा स्कोअर बघत असेल.

मजकूर पुसायची सोय नव्हती. कुणाला काही पुसता येऊ नये म्हणूनच तर ही यंत्रणा घेतली होती. तिनं त्यांच्या साहेबांना, मिहिर सरांना फोन लावला. साहेब पुण्याला मीटिंगमध्ये, उचलेनात. करण्यासारखं एकच होतं. नोंद राखीव करायची, म्हणजे मजकूर फक्त सरांना दिसेल. नाव मात्र दोघांच्याही पडद्यावर राहणार होतं. तिनं बटण दाबलं, तेवढ्यात दार उघडलं.

विश्वजीत बडीशेप चघळत येऊन खुर्चीत बसला. मग पडद्याकडं वाकला.

"हे काय, ताई? आमच्या मंडळींनाच पकडलं?" तो हसत होता.

"काही नाही हो," मंजुषा म्हणाली. "सप्लायरचे रेट स्वतःच्या मेलवर टाकत होत्या. घरी बसून काम करायचं असेल."

"मग राखीव कशाला?"

"रेटचं असलं की वर पाठवायचं, सर म्हणाले होते ना."

त्यानं नोंदीवर क्लिक केलं. उघडली नाही. पुन्हा केलं. ओठांवरचं हसू तसंच होतं, पण जबडा चघळायचा थांबला होता.

"स्वतःचा मेल," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे मला माहीत नाय असा मेल काढलाय तिनं. बरंय. संध्याकाळी विचारतो."

दीपमालाला वाचवायला म्हणून मारलेली थाप मंजुषानं तिच्याच गळ्यात बांधली होती. पुढं काय काम केलं ते तिचं तिला कळलं नाही. थोड्या वेळानं ती उठली. "खरेदीत प्रिंटर अडकलाय म्हणे, बघून येते," म्हणाली आणि बाहेर पडली.

दीपमाला तिच्या टेबलाशी होती. मंजुषानं तिला जिन्यात बोलावून घेतलं.

"वहिनी, मघाशी तुम्ही लिहिलेलं मी वाचलं."

दीपमालाच्या तोंडावरचा रंग उडाला. "कसं काय?"

"इथं जे अडतं ते आमच्या खोलीत दिसतं. मला, आणि विश्वजीतला."

"त्यांनी वाचलं?"

"नाही. त्याला उघडता येत नाही. पण तुमचं नाव दिसलं. आणि मी घाबरून भलतंच सांगून बसले." तिनं मेलची थाप सांगितली. "संध्याकाळी विचारणार आहे तुम्हाला. माझं चुकलं, वहिनी."

दीपमाला पायरीवरच बसली. भिंतीला टेकू गेली आणि डोकं लागताच कळवळून पुढं झुकली.

"घरी ते बघतात, इथं तुमी बघता," ती म्हणाली. "मग मी लिहायचं कुठं, ताई?"

खालून कुणीतरी जिना चढत आलं, दोघींकडं बघत वर निघून गेलं.

"तुम्ही लिहिलेलं आता पुसता येत नाही," मंजुषा म्हणाली. "त्यालाही नाही. सरांशी मी बोलते. लागलं तर कक्षातही सांगते की मी वाचलंय."

दीपमालानं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग उठली.

"पोरगी शाळंत हाय. बजाजनगरात."

"माझी स्कूटी आहे."

दीपमाला टेबलाकडं गेली. मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवला, चालू तसाच. ड्रॉवर लावून घेतला. खुर्चीच्या पाठीला अडकवलेला स्वेटर तिथंच राहू दिला आणि नुसती पर्स घेऊन आली. आवारातून जाताना मंजुषाला सारखं मागं वळून वरच्या खिडकीकडं बघावंसं वाटत होतं. दीपमाला एकदाही वळली नाही.

गेटवर म्हातारे लक्ष्मणकाका वॉचमन होते. त्यांनी स्कूटीपुढचा दांडा वर केला.

"काय पोरी, आज लई लवकर? घरी निघाली व्हय?"

दीपमालानं मंजुषाचा खांदा घट्ट धरला.

"नाय काका," ती म्हणाली. "घरी नाय."