निळ्या पापण्या

अल्बमच्या पहिल्याच पानावर अर्पिताच्या पापण्या निळ्या होत्या. साध्यासुध्या नाही, मोरपिशी. ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल आणि गालांवर दोन गुलाबी चकत्या. तिनं पान उलटलं. अक्षता पडताना निळ्या. सप्तपदीला निळ्या. पाठवणीच्या वेळी रडून डोळे सुजले होते, तर त्या सुजेवरही निळा रंग नीट बसवलेला होता.

कळंबच्या बाजारपेठेतल्या त्या स्टुडिओत पंखा फिरत होता. फोटोग्राफर वीरभद्र काउंटरमागं कॅमेऱ्याची काच उगाच पुसत होता. अर्पिताची आई तुळजाबाई बाकावर बसून, बाजारातून घेतलेल्या जुडीची मेथी निवडत होती.

लग्नात अर्पितानं पापण्यांना काहीच लावलं नव्हतं. न लावण्यासाठी ती घरादाराशी भांडली होती.

कारण होतं आईचा लग्नातला फोटो. सोनारीच्या मांडवात तुळजाबाईला पुण्याहून आलेल्या मामीनं नटवलं होतं. पावडर गळ्यापाशी येऊन एकदम थांबलेली, लाली ओठांवरून एका बाजूला घसरलेली आणि पापण्या मोरपिशी निळ्या. लहानपणी अर्पिता मैत्रिणींना पाणी प्यायच्या निमित्तानं घरी आणायची आणि त्या फोटोखाली उभं करायची. पोरी हसून जमिनीवर लोळायच्या. एकदा तुळजाबाईनं फोटो काढून धान्याच्या कोठीमागं सरकवला, तर अर्पितानं रडून घर डोक्यावर घेतलं आणि तो परत भिंतीवर लावायला लावला. पुढं तिचं स्वतःचं लग्न ठरलं, तेव्हा तिला पहिली धास्ती पडली ती याचीच. उद्या आपलीही पोरगी अशीच लोळणार.

म्हणून तिनं पार्लरवाल्या अलिजाला सांगितलं, की तीस वर्षांनी बघितलं तरी कुणाला हसू येऊ नये, असा मेकअप कर. अलिजानं चमचमणारे, चकाकणारे सगळे प्रकार दाखवून पाहिले. अर्पितानं एकेक नाकारला. काजळाची बारीक रेघ, ओठांवर चंदनी छटा आणि कपाळावर चंद्रकोर, एवढंच उरलं. चुलती म्हणाली, नवरी कोणती हे माइकवरून सांगावं लागंल. भूमची सासूही मांडवात हळूच बोलून गेली, की पोरीच्या तोंडाला जरा तरी रंग पाहिजे होता. आईनं तेवढी नावं ठेवली नाहीत. तुझं तोंड, तुझी मर्जी, असं म्हणून ती लाडू वळायला बसली.

अर्पितानं अल्बम मिटला. हे कुणाच्या सांगण्यावरून केलं, असं तिनं वीरभद्रला विचारलं. हल्ली कॉम्प्युटरवर थोडाफार रंग भरावाच लागतो, सगळेच भरतात, असं तो कॅमेऱ्याकडं बघत म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. मग त्यानं कबूल केलं, की घरचंच माणूस येऊन सांगून गेलं आणि नाव काढू नको म्हणालं. बाई होती का? होती. वयानं मोठी? मोठी.

अर्पिताला आणखी पुरावा नको होता. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. सासूनं तिला एकदाही दुखावलं नव्हतं आणि तिनंही सासूला उलट शब्द बोलून दाखवला नव्हता. आता बोलायचंच, असं ठरवून तिनं मोबाइल काढला आणि नवऱ्याला, कृष्णराजला फोन लावला. तुमच्या आईला माझं तोंड आवडत नव्हतं तर सून कशाला केली, हे पहिलं वाक्य तिनं जुळवून ठेवलं. पलीकडं रिंग वाजू लागली.

वीरभद्रनं कॅमेरा खाली ठेवला.

"काकू," तो तुळजाबाईला म्हणाला, "आता तुमीच सांगा. माझ्या कॉम्प्युटरपायी ताईचा संसार मोडायला नको."

तुळजाबाई उठली. तिनं पदराला हात पुसले आणि लेकीच्या हातातून फोन काढून घेतला. जावईबापू, काय न्हाय, अल्बम लई बेस झालाय, एवढं सांगून तिनं तो बंद केला.

मग वीरभद्रनं घडाघडा सगळं ओकलं. काकू भिंतीवरचा फोटो पदराखाली झाकून घेऊन आल्या होत्या. हाच निळा पाहिजे म्हणाल्या. त्यानं बिचकत हलका रंग भरला, तर त्यांनी शेजारी बसून गडद करायला लावला. लाली एका बाजूला घसरवता येते का, तेही त्यांनी विचारलं होतं. तेवढं त्यानं ऐकलं नाही. साधे फोटो त्यानं जपून ठेवले होते. ताई म्हणतील तर तो दुसरा अल्बम करून देणार होता.

अर्पिता आईकडं बघत राहिली. इतक्या वर्षांचा सूड उगवलास का, असं तिनं विचारलं.

तुळजाबाईनं अल्बम उघडला, पानं चाळली आणि एक फोटो लेकीपुढं धरला. अंतरपाट नुकताच दूर झाला होता. हातात हार, कपाळाला मुंडावळ्या, आणि अर्पिता लाजून खाली बघत होती. खाली बघत असल्यामुळं दोन्ही पापण्या पुरत्या दिसत होत्या.

अर्पितानं ओठ घट्ट मिटले. मग तिच्या नाकातून एक आवाज निघाला. वीरभद्रनं भिंतीकडं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. ते बघून तिचा उरलासुरला धीर गेला आणि तिला काउंटर धरून खाली बसावं लागलं.

तुळजाबाई तिचं हसून संपायची वाट बघत थांबली. निवडलेली मेथी तिनं पिशवीत भरली.

"माझ्या फोटोवर पोटभर हसत वाढलीस तू," ती म्हणाली. "आन सोताच्या लेकीला उपाशी ठिवणार व्हतीस व्हय?"