गुरुवार चार

"व्हिडिओवर ये, मावशी. बाकी दोन्हीकडे तुला कुणी विचारणार नाही," भाचीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवत निकाल देऊन टाकला.

मावशीने चष्मा पुसला. समुपदेशक म्हणून स्वतंत्र काम करण्यासाठी चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्या घेऊन तिला चौदा महिने झाले होते. रुग्णालयात एका माणसाला बारा मिनिटे मिळत. तेराव्या मिनिटाला पुढचा माणूस दार ढकलत असे. माणसाला पुरते रडू द्यावे, एवढ्याचसाठी तिने ती नोकरी सोडली होती. पण आठवड्याला जेमतेम सहा जण येत होते. वर्षअखेरपर्यंत निदान बारा नियमित माणसे जमली नाहीत, तर खोल्या सोडून पुन्हा त्या बारा मिनिटांकडे परतायचे, हे तिने मनाशी ठरवले होते.

भाचीने समाजमाध्यमांचे तिन्ही पर्याय पुन्हा समजावले. फोटोंच्या माध्यमावर रोज काहीतरी देखणे टाकावे लागते, आणि मावशीकडे देखणे म्हणाल तर खिडकीतली एक कुंडी. नोकरदारांच्या माध्यमावर लेख चालतात. पण तिथे जो तो स्वतःचीच पाठ थोपटत असतो, दुसऱ्याचे वाचायला सवड कुणाला? व्हिडिओत मात्र दोन मिनिटे धड बोलले तरी माणूस थांबतो. आणि बोलण्यात मावशीचा हात कुणी धरला नसता.

विचार करून सांगते, असे म्हणून मावशीने वही उघडली. वहीत ती कुणाचेही नाव लिहीत नसे. वार आणि वेळ, एवढेच. सोमवार साडेदहा. बुधवार सहा. गुरुवार चार.

"तुझ्याकडे माणसं येतात की गाड्या?" भाची म्हणाली.

'गुरुवार चार' ही चाळिशीतली बाई होती. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि "हे गेले" एवढे दोनच शब्द बोलून अर्धा तास रडली. त्यानंतरचे सात महिने मावशीने तिला बोट धरून चालवावे तसे चालवले. रिकाम्या उशीचे काय करू, कपाटातल्या शर्टांचे काय करू, असे ती विचारी आणि मावशीचे उत्तर एका चिमुकल्या डायरीत उतरवून घेई. घरी वाचले की धीर येतो, म्हणे. तिच्यासाठी मावशी एका तासाचा दीड तास करी. एका गुरुवारी तिला दारापर्यंत सोडून आल्यावर मावशी स्वतःच रडली होती.

माध्यमांचा प्रश्न मावशीने तिच्यापुढे काढायला नको होता, पण काढला. बाईने डायरी मिटली.

"तुम्ही तिथे दिसलात, तर मला इथे बसवणार नाही," ती म्हणाली. "नाचणाऱ्यांच्या रांगेत माझं दुःख उभं केल्यासारखं वाटेल."

विषय तिथेच मिटला. भाचीने कपाळाला हात लावला, व्हिडिओसाठी काढलेले खाते रिकामेच राहू दिले आणि मावशीचे लेख नोकरदारांच्या माध्यमावर टाकायला सुरुवात केली. तीन महिन्यांत एक्केचाळीस वाचक मिळाले.

"त्यातले निम्मे आपले नातेवाईक," भाची म्हणाली, "आणि त्यांनीही वाचलं नाहीये, नुसता अंगठा दिलाय."

मग एका सोमवारी, साडेदहाच्या तरुणाने मावशीला बोलता बोलता थांबवले. दुःखाला घराबाहेर काढायचे नसते, त्याला एक खोली द्यायची आणि बाकीच्या खोल्यांत आपण राहायचे, हे तिचे वाक्य त्याने आधीच ऐकले होते. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर पांढरे हातमोजे घातलेले दोन हात कागदाच्या घड्या घालत होते आणि यंत्राच्या सपाट आवाजात मावशीची वाक्ये एकामागून एक येत होती. पाहणारे चार लाख. दुसऱ्याचे पाठ केलेले ऐकायला आपण इथवर येत नाही, असे सभ्यपणे सांगून तो गेला. पुन्हा आला नाही.

ती वाक्ये मावशीने कागदावर लिहून एकाच व्यक्तीला दिली होती. लेखांसाठी म्हणून, भाचीला.

संध्याकाळी तिने भाचीला विचारले. विचारले कसले, आरोपच केला. कुणाला विकलीस, हा शब्दही तिच्या तोंडून गेला. भाचीने वाद घातला नाही. तिने सगळ्या खात्यांचे पासवर्ड एका कागदावर लिहिले, तो टेबलावर ठेवला आणि चपला घालताना म्हणाली, "सगळ्या जगाचं ऐकून घेतेस, मावशी. माझं एवढं एकच घे. मी नाही केलं."

मावशीने घेतले नाही.

गुरुवारी चारला बाई आली. मावशीचा चेहरा पाहून तिनेच पाण्याचा ग्लास पुढे केला. काय झाले ते मावशीने सांगितले नाही. घरच्याच माणसाने दगा दिला, एवढे मात्र निसटले. बाईने तिचा हात हातात घेऊन थोपटला. मग अडखळत सांगितले, की पुढच्या आठवड्यापासून ती येणार नाही. आता तिला एकटीला उभे राहता येते. मावशीचे डोळे भरून आले. सगळे हातचे जात असताना हे एक माणूस तरी आपल्या हातून सावरले, असे तिला वाटले.

रविवारी तिने पासवर्डचा कागद काढला आणि ते रिकामे खाते पहिल्यांदा उघडले. हातमोज्यांच्या त्या व्हिडिओंखाली निदान 'ही वाक्ये माझी आहेत' एवढे तरी लिहायचे होते. नवा व्हिडिओ नुकताच आला होता. हात घड्या घालता घालता थांबले, हातमोजे उतरले आणि कॅमेरा हळूहळू वर सरकला.

'गुरुवार चार' हसत होती. इतके दिवस तुम्ही फक्त माझे हात पाहिलेत, ती सांगत होती; उद्यापासून माझे स्वतःचे समुपदेशन केंद्र सुरू होते आहे. पहिल्या वीस जागा भरल्यासुद्धा.

मावशीने व्हिडिओ मागे नेऊन तो चेहरा पुन्हा पाहिला. तरीही तिच्या मनात आधी आले ते हेच, की नवरा गेलेल्या बाईला पोटासाठी काहीतरी करावेच लागते, बिचारीला.

"आणि हे सगळं ज्यांनी शूट केलं," बाई कॅमेऱ्याच्या वर पाहत म्हणाली, "ते आमचे हे. अहो, लाजताय काय, या ना पुढे."