शेकोटीचा नियम

धाकट्या भावाने बनवलेला खेळ ताई आठवडाभर तपासत होती आणि आता पार कावली होती. नियम म्हटला तर साधा: शेकोटीपाशी चारही सोबती झोपले की खेळ सेव्ह होणार, एरवी नाही. चौघे तर ढाराढूर घोरत पडायचे, तरी पडद्यावर तेच यायचं: "एक जण जागा आहे." मग लाइट जायची आणि सकाळपासूनची सगळी लढाई पाण्यात. त्यात चौघांतली ती तिरंदाज बाई! चालता चालता वाट सोडून सरळ पडद्याकडे यायची आणि आतून काचेवर डोकं आपटत उभी राहायची.

"तुझी मोजणी चुकतेय," ताईने फोनवर भावाला झापलं. "हा पाचवा कोण आणून बसवलायस?"

"अगं, दहादा तपासलंय. पाचवं कोणी नाहीच. तिथे जागी असतेस ती तूच," तो हसत म्हणाला.

तिलाही हसू आलं. फोन ठेवला, हेडफोन काढून टेबलावर टाकला. दुपारचं जेवण अंगावर आलं होतं. खुर्चीतच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं: "सगळे झोपले. खेळ सेव्ह झाला."

"झाला बाई एकदाचा!" म्हणत ती पुढे वाकली. शेकोटी पेटलेलीच होती. चारही पांघरुणं मात्र रिकामी होती.

आणि तिच्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, तिरंदाज बाईचा दबका आवाज आला, "हळू चाला रे, जागी होईल ती."