मेयरसाहेबांची सायकल

खालच्या वळणावर सायकल दिसली आणि द्राक्षमळ्यातलं गाणं अर्ध्यावर तुटलं.

"मेयरच," रोझली म्हणाली. तिच्या हातातली पेंढ्याची काडी वेलीभोवती तशीच राहिली.

युद्धाचं तिसरं वर्ष होतं. पोस्टमन पत्रं आणायचा, पण पोरगा पडल्याची खबर आणायची ती मेयरनंच. कागद कचेरीत आला की म्हातारे ग्रिवो काळी टोपी घालून सायकलवर बसायचे. दारापाशी उतरायचे, टोपी काढायचे आणि मग बोलायचे. बहुतेक बायका टोपी निघतानाच खाली बसायच्या.

"सरळ जा," रोझली पुटपुटत होती. तिचा नवरा आघाडीवर होता. "सरळ जा मेल्या, वरच्या गावाला जा."

"शिव्या कशाला देतेस गं? त्याला काय हौस आहे?" फिलोमेन म्हणाली. तिचे दोन्ही मुलगे पहिल्याच वर्षी गेले होते. "मला बघ, माझ्याकडे यायचं त्याला आता कारणच उरलं नाही."

ओदील काड्या मोजत होती, आणि सातच्या पुढे तिला आकडा आठवत नव्हता.

सायकल सरळ गेली नाही. मळ्याच्या दगडी कुंपणाशी थांबली. ग्रिवोंच्या हातात निळा कागद होता.

"ओदील!" त्यांनी हाक मारली.

रोझली मटकन खाली बसली. आपली सुटका झाली म्हणून तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याची लाज वाटून तिनं तोंडात एप्रनचं टोक कोंबलं.

ओदीलच्या मनात एकच गोष्ट आली. अजून त्यांनी सांगितलेलं नाही. ते सांगेपर्यंत माझा मुलगा, माझा फिर्मां, जिवंत आहे.

तिनं काड्या टाकल्या आणि वरच्या बांधाकडे धावली. तिथे फिर्मांची सायकल टेकवलेली होती. सीट उंच होती. "खाली करू नकोस हं आई, मी येणारच आहे," असं तो जाताना म्हणाला होता. तेव्हापासून ती पायाच्या बोटांच्या टोकांवर सायकल हाकायची.

"अगं ओदील, थांब!" मागून फिलोमेन ओरडली. "अगं, टोपी..."

म्हणजे टोपीही काढली. ओदीलनं मागे न बघता पायडल मारलं.

रस्ता मळ्यांमधून उतरत होता. दोन्ही बाजूंना मे महिन्याची कोवळी पानं, उन्हातून आरपार दिसणारी. याच रस्त्यावर फिर्मां तिला पुढच्या दांडीवर बसवून मोंव्हालच्या जत्रेला न्यायचा. आई म्हणून तिला लाज वाटायची आणि तो मुद्दाम हात सोडायचा. आता मागे ग्रिवोंच्या सायकलची साखळी करकरत होती. जवळ येत नव्हती, लांबही जात नव्हती.

"ओदील! फिर्मां..." वाऱ्यानं पुढचे शब्द उडवले.

पुढचं ऐकायचं नाही. ती मोठ्यानं गाऊ लागली. मळ्यातलंच, तोंडात आलेलं:

*बांध बाई वेल, गाठ सैल ठेव,*
*वाढत्या अंगाचा सदरा सैल शिव...*

मोंव्हालची जुनी वेस आली. वेशीच्या कमानीखाली तिचा आवाज घुमला. पलीकडे धुण्याच्या कुंडावर बायका कपडे आपटत होत्या. त्यांनी ओदीलला पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या काळ्या टोपीला पाहिलं. आपटणं थांबलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकीनं हळूच छातीवर क्रूस काढला.

"बाई, थांब गं!" एक म्हातारी कळवळून म्हणाली. "पळून कुठे जाशील? साऱ्यांना ऐकावं लागलं."

"मला नाही ऐकायचं!" ओदील ओरडली आणि पुन्हा गाऊ लागली. गाण्याचा सूर केव्हाच गेला होता.

चर्च, पाव भाजणाऱ्याचं बंद दुकान, मग पुन्हा मळे. व्हेर्जोलच्या टेकडीचा चढ लागला. पायाची बोटं पायडलवरून निसटू लागली. तिला दिसत होता फिर्मां चिखलात, फिर्मां काटेरी तारांवर. ती डोळे मिटायची आणि सायकल गवतात जायची. तो जिवंत राहावा म्हणून आपल्याला फक्त चढायचं आहे, असं तिला वाटत होतं. थांबले की गेला.

माथ्यावरच्या देवळीपाशी पाय थांबले. ती सायकलसकट कलंडली आणि दगडाला पाठ लावून बसली.

ग्रिवो आले. सायकल हातानं ढकलत, चेहरा जांभळा. पासष्टीतला माणूस, छाती भात्यासारखी हलत होती. टोपी डोक्यावरच होती. दमणुकीत पुन्हा घातली असेल, असं तिला वाटलं.

"मेयरसाहेब, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "एवढ्यात नको. जरा वेळ अजून राहू दे त्याला."

त्यांना बोलताच येत नव्हतं. ते तिच्याशेजारी गवतात बसले. खोकले. त्यांनी तिचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी पाहून तिला सगळं कळलं.

"बोला," ती म्हणाली. "कुठे पडला?"

"पडला नाही गं पोरी. तेच सांगत होतो मी." त्यांनी चुरगळलेला कागद तिच्या मांडीवर ठेवला. "त्याची तार आहे, माझ्या नावावर. त्याची पलटण दुसऱ्या आघाडीवर हलवतायत. आज तीन वाजता गाडी आपल्या स्टेशनात वीस मिनिटं थांबणार होती. 'आईला फलाटावर आणा,' म्हणाला."

खाली दरीत, त्यांच्या गावाच्या पलीकडे, गाडीचा धूर उत्तरेकडे निघाला होता.