घामाचं मीठ

पाण्यात घालायच्या पावडरीची तिसरी पुडी उलटी करून मेहेकनं मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलीत सोडियम नावापुरतं होतं. दुसरीत ते पुरेसं होतं, पण साखर नव्हती. तिसरीत दोन्ही होतं.

"ताई, लोकं पुढच्या चित्रातला पळणारा गडी बघून घेतात," मेडिकलवाला विश्वेश्वर हसला. "तुमी एकट्याच पाठीमागचं वाचता."

"तुमचा गडी पळतोय तरी," मेहेक म्हणाली. "आमचा मधीच बसतो."

आमचा म्हणजे फैजान, तिचा धाकटा भाऊ. हिवाळ्यात तो चौसाळ्याहून हायवेच्या कडेकडेनं तीस किलोमीटर पळायचा आणि वर घरी येऊन अब्बांचे फळांचे क्रेट उचलायचा. आता दहाव्या किलोमीटरला त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. घसा सुकायचा, डोळ्यांपुढं धूसर व्हायचं, आणि तो रस्त्याच्या कठड्यावर बसून राहायचा. मॅरेथॉन पंधरवड्यावर आली होती. तिथून पुण्याची एक अकादमी मुलं उचलणार होती. अब्बांनी बजावून ठेवलं होतं, "ह्या टायमाला न्हाई जमलं, तर गुमान फळाच्या गाड्यावर बसायचं."

मेहेकनं बीडच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेली. नशिबावर तिचा विश्वास नव्हता, मापावर होता. अब्बांच्या फळांच्या काट्यावर ती फैजानला पळण्याआधी उभा करायची आणि पळून आल्यावर पुन्हा. मधला फरक म्हणजे गेलेला घाम. घाम गेला म्हणजे मीठ गेलं, आणि आतड्यात मीठ साखरेचा हात धरून लवकर शिरतं. म्हणून महिन्यापूर्वी तिनं याच दुकानातून ही गोड पावडर निवडली होती. फरक पडला नाही, तेव्हा एका चमच्याचे दोन केले. तरीही तो वाळतच चालला होता. त्याच्या काळ्या बनियनवर पूर्वी मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे, तेही आता दिसत नव्हते. अंगात मीठच उरलं नाही, असा तिनं अर्थ लावला.

आज सकाळी तर काट्यानं तिला चक्रावून टाकलं होतं. काल सुट्टीचा दिवस, तरी वजन परवापेक्षा उतरलेलं.

"काल चोरून पळालास ना?"

"अल्लाकसम आपा, दिवसभर पडून व्हतो. निस्तं पाणी पीत व्हतो. मोरीत जा, पाणी पी, मोरीत जा, पाणी पी."

"खोटारडा. काटा खोटं बोलत न्हाई."

फैजान वाद घालत बसला नाही. पूर्वी त्यानं तिला दहा टोमणे मारले असते.

शेवटी मेहेकनं तिसरीच पुडी पुन्हा घेतली, मोठी. "ह्यानं बी न्हाई झालं तर?" तिनं विचारलं, विश्वेश्वरला नाही, स्वतःलाच. त्यानं पुडी कागदात गुंडाळली.

घरी आली तेव्हा ऊन उतरत होतं. ओसरी मोकळी आणि ओली होती. वर्षानुवर्षं इथं चिकू-द्राक्षांचे क्रेट रचलेले असायचे, आणि क्रेट होते म्हणून मुंग्या होत्या. उशाशी मुंग्या, पिठात मुंग्या, चपलेत मुंग्या. या घरात मुंगीकडं कुणी मान वळवून बघत नसे. या आठवड्यात अब्बांना हायवेवर गाळा मिळाला आणि सगळा माल तिकडं गेला. अम्मीनं तीन दिवस फिनाईल टाकून घर धुतलं होतं.

"बघ गं," अम्मी कौतुकानं म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासून पयल्यांदा पायाखाली मुंगी न्हाई."

मेहेकनं बाटलीत पाणी घेतलं. दोन चमचे पावडर टाकली, मग थोडा विचार करून तिसरा टाकला. फैजान मोरीतून बाहेर आला आणि भिंतीला धरत खाटेवर जाऊन पडला. बाटली हलवत ती हात धुवायला मोरीपाशी गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

सबंध घरात मुंग्यांची एकच रांग उरली होती. ती भिंतीच्या फटीतून निघून, साबण ओलांडून, न्हाण्याच्या दगडाला वळसा घालून मोरीच्या भोकापर्यंत गेली होती. तिथं मुंग्यांचा काळा घोस लागला होता. मोरीत चिकू नव्हते, द्राक्षं नव्हती. फैजान तेवढा येऊन गेला होता.

मेहेकला दादी आठवली. शुगरनं दादीचा पाय गेला त्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं होतं, लघवीला मुंग्या लागतात का? "डॉक्टरसाब," दादी म्हणाली होती, "आमच्या घरात मुंग्या कशाला लागत न्हाईत?" आणि तिच्यासकट सगळं घर हसलं होतं. लहानगी मेहेकही हसली होती.

तहान. धूसर डोळे. पळाला नाही त्या दिवशीही उतरलेलं वजन. काटा खरंच खोटं बोलला नव्हता.

"आपा," आतून फैजानचा सुकलेला आवाज आला, "झाली का बाटली? दे ना. तुझंच पाणी तेवढं ग्वाड लागतंय."

भरलेली बाटली तिच्या हातात होती. तिसरा चमचा अजून तळाशी विरघळत होता.