भिंतीकडे तोंड

भिमाजीनं घास तोंडात घातला आणि त्यातला निम्मा डाव्या कोपऱ्यातून परत आला. आमटीचा ओघळ हनुवटीवर उतरला, दाढीच्या पांढऱ्या खुंटांत थबकला आणि टपकन ताटात पडला. त्यानं भाकरीच्या तुकड्यानं हनुवटी पुसली. मग तोच तुकडा तोंडात घातला.

राहीबाई आपलं ताट घेऊन येत होती. तिला नको ते दिसलं. नवऱ्याकडे पाठ करून ती पाटावर बसली. समोर भिंत. डोळे मिटून तिनं ताटाला हात जोडले आणि तोंड बंद केलं.

आषाढी एकादशीपासून तिचं मौनभोजन होतं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एक शब्द नाही. चित्त ढळू नये म्हणून तोंड भिंतीकडे. गल्लीतल्या बायका म्हणत, राहीबाईंचा नेम म्हणजे नेम. ती हसून मान खाली घालायची.

नेम तिला नवे नव्हते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिनं चाळीस वर्षांत चहा घेतला नव्हता. सोमवार, एकादशी, संकष्टी, सगळं निगुतीनं चालायचं. ते सगळे नेम देवासाठी होते. हा एकच तिनं आपल्या पोटासाठी धरला होता, आणि ते देवाला आणि तिलाच ठाऊक होतं.

चैत्रात भिमाजीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सावरले, पण तोंडाचा कोपरा लोंबता राहिला. जन्मभर दोघं समोरासमोर बसून जेवली होती. आता समोर बसलं की त्याच्या मिशीत अडकलेलं शीत दिसायचं. तो पाणी प्यायला की पेल्यात भाकरीचा भुगा तरंगायचा, काठावर तेलकट ओठ उमटायचा. एकदा त्यानं प्रेमानं आपल्या ताटातला गुळाचा खडा तिच्या ताटात ठेवला. खडा ओला होता. ती उठून मोरीत गेली आणि ओकली. दुसऱ्या आठवड्यात एकादशी आली, आणि तिला नेम सुचला.

डोळे भिंतीकडे वळवता आले. कान कुठं वळवणार? चपचप, सुर्र, मग खाकरणं. ती घास न चावताच गिळायची, म्हणजे लवकर उठता येईल.

मुलगा आदिनाथ दारात येऊन उभा राहिला. शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जायचं ठरलं होतं. खोल्या सांगून झाल्या होत्या, दशम्यांसाठी गूळ भिजत पडला होता.

"आई, बाबांना घ्यायचं का बरोबर? हॉटेलात सगळ्यांसोबत टेबलावर जेवावं लागेल. नाहीतर मिरजगावला आत्याकडे सोडतो दोन दिवस. तू म्हणशील तसं."

राहीबाईला ते टेबल दिसलं. पांढरा कपडा, आजूबाजूला चांगली माणसं, आणि मधोमध ते तोंड. तिनं मागं न बघता डावा हात वर केला आणि हलवला. नको.

पाठीमागचा सुर्र आवाज क्षणभर थांबला.

"मिरजगावच बरं," भिमाजी जड जिभेनं म्हणाला. "गाडीत ढवळतं मला."

चपचप पुन्हा सुरू झाली.

भंडारदऱ्याच्या हॉटेलात राहीबाई टेबलाशी बसली, सगळ्यांकडे तोंड करून.

"इथं भिंत नको का, आई?" सून वैजयंतानं विचारलं. तिचा चेहरा अगदी साधा होता.

राहीबाईनं भाकरी मोडली. मौनाचा तेवढा फायदा होता. तांदळाची भाकरी, पिठलं, वर कच्चं तेल. किती महिन्यांनी तिनं घास चावून खाल्ला. आजूबाजूची सगळी तोंडं कशी मिटलेली, कोरडी, स्वच्छ. तिनं खुणेनं पुन्हा पिठलं मागितलं.

आदिनाथनं आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आत्या, बाबा कसे आहेत? आई ऐकतीये, पण मौन आहे तिचं."

"ऐकू दे, ऐकू दे," रंगूबाईचा आवाज खणखणला. "वयनी, तीन टॉवेल कशापायी दिले गं गळ्याला बांधायला? तिन्हीबी कोरे हायेत. दादा लई नीट जेवतो. एक शीत सांडत न्हाई."

राहीबाईचा घास गालात थांबला. नीट जेवतो. बहिणीकडे नीट जेवतो. म्हणजे घरी ते सगळं मुद्दाम होतं? तो ओघळ, तो भुगा, तो ओला खडा? इतकी किळस तिला त्याच्या तोंडाचीही कधी आली नव्हती.

"मी समोर बसते ना," रंगूबाई सांगत होती. "माझ्या तोंडाकडं बघून चावतो. मी व्हट मिटले की तोबी मिटतो. ती तोंडाचा व्यायाम घेणारी बाई हाय ना, दर गुरुवारी जातो तिच्याकडं, तिनंच सांगितलंय म्हनं त्याला. कुनीतरी समोर बसून जेवायचं, त्याचं बघून ह्यानं तोंड चालवायचं. आपसूक वळन पडतं."

आदिनाथनं आईकडे बघितलं. "आम्हाला काही बोलले नाहीत बाबा."

"तेच इचारलं की म्या. म्हनलं, येड्या, चार म्हैने झाले, वयनीला का न्हाई सांगितलंस? तर म्हनतो, तिचा देवाचा नेम चाललाय, माझ्यापायी मोडायला नको."