कुणाचा रे तू?

नव्वदीला टेकलेल्या इग्नेशसला आजोळच्या थडग्यावर ऑनर मावशीचं नाव कोरून घ्यायचं होतं. मावशी तरुणपणीच गेली, एवढंच आई सांगायची. कधी, कशानं, ते तिनं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही.

पुतणी ग्रॉन्यानं फोनवर एकोणीसशे अकराची जनगणना उघडली. बेलमलेट गावातल्या आजोळच्या, बॅरेटांच्या घराच्या कागदावर इग्नेशसच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : झालेली मुलं सहा, हयात पाच.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? तेव्हाच गेलेली बिचारी. सांगून टाक पाथरवटाला."

"काका, थांबा जरा." पुढच्या, एकोणीसशे सव्वीसच्या गणनेची पानं नुकतीच खुली झाली होती. ती चाळता चाळता ग्रॉन्या एका ओळीवर थांबली. "ऑनर बॅरेट. वय तेहतीस, जन्म बेलमलेट. अहो, ही जिवंत होती! जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळात."

तरुणपणी त्या इस्पितळात पावाची गाडी इग्नेशसच न्यायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक म्हातारी बसलेली असायची. त्याला बघितलं की थेट त्याच्या आजोळच्या आयरिश बोलीत विचारायची, "चेहरा ओळखीचा वाटतो. कुणाचा रे तू?"



आणि तो दर वेळी गाडी वळवता वळवता हसून ओरडायचा, "पाववाल्याचा, आजी!"